एक सुटलेला शब्द

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून भाविक येतात आणि आमच्या मिशनबंगल्यावरही पाहुण्यांचा राबता सुरू होतो. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. मला भाकरी थापता येत नाही. मात्र पुतण्याने भेट दिलेला विजेचा ओव्हन कपाटावर धूळ खात होता आणि गोठवलेल्या चिकन पॅटिसची दोन पाकिटे फ्रीजमध्ये होती. पाकिटावर छापले होते : १८० अंश, २० मिनिटे. याहून सोपे ते काय असणार?

त्या सायंकाळी एक वयोवृद्ध धर्मगुरू माझ्याकडे मुक्कामाला होते. वय ८३. सेमिनरीत त्यांनीच मला लॅटिन शिकविले. मी पॅटिस आत ठेवले, काटा १८० वर फिरविला आणि घंटा वाजताच मोठ्या अभिमानाने बशी त्यांच्यापुढे ठेवली. वरचा पापुद्रा सोनेरी दिसत होता. “छान झालंय,” फादर म्हणाले. पाहुण्यांची विचारपूस आटोपून मी माझा घास घेतला, तेव्हा दाताला गारवा लागला. आतले मांस गुलाबी होते. मी वर पाहिले, तर फादरांची बशी रिकामी झाली होती.

पहाटे त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवस सलाईन चालू होते. त्यांच्या उशाशी बसून मी त्या सोनेरी पापुद्र्याचा विचार करीत होतो.

मावशी परतल्या. सारे ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, “फादर, ओव्हन आधी तापू दिला होता का? ते पाकीट पुन्हा वाचा बरं.” मी वाचले. ‘आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये’ असे तेथे स्पष्ट छापलेले होते. वाक्यातला एकही शब्द सोडायचा नाही, हे ज्यांनी शिकविले, त्यांच्याच ताटात मी शब्द सोडून वाढले होते!

मावशींनी कधी अंश मोजले नाहीत. पण दर नाताळात त्या नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत जातात. पाव निघाल्यावर लाकडाची भट्टी उतरणीला लागते, तेव्हा नानकटाईची पाळी येते. भट्टीवाला तळावर चिमूटभर पीठ टाकतो. ते लगेच काळे पडले, तर थांबायचे. सावकाश तांबूस झाले, तर ट्रे आत सरकवायचा. भट्टी काय म्हणते ते आधी ऐकायचे, वेळ मागाहून मोजायची.

मग मीही शिकू लागलो. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टवर १५०० वॅट उष्णता देणारी तार १९० व्होल्टवर जेमतेम १००० वॅट देते. म्हणून ओव्हन तापायलाच दीडपट किंवा अधिक वेळ लागतो. घड्याळाला याची खबर नसते. वरच्या तारेची झळ पापुद्रा रंगविते, आतला बर्फ मात्र तसाच राहतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक आणला, तेव्हा कळले की काटा १८० दाखवीत असताना आत १५५ च असतात. पंख्याचा ओव्हन असेल, तर उलट २० अंश कमी ठेवावे लागतात. परदेशी कृतीतले ३५० अंश हे फॅरनहाइट असतात, म्हणजे आपले सुमारे १७७. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोंबडीच्या पदार्थाचा मध्यभाग ७५ अंशांपर्यंत तापला पाहिजे. रंगावर विसंबू नये. एक फोडून पाहावा, मगच वाढावे.

फादर बरे झाल्यावर मी धीर करून विचारले, “गार लागत होतं, तर बोलला का नाहीत?”

“तू इतक्या हौसेनं केलं होतंस,” ते म्हणाले.

आपल्या हौसेपुढे समोरचा माणूस मुकाट्याने गार घास गिळतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. प्रवचनांच्या बाबतीतही असे किती वेळा घडले असेल, कोण जाणे.

नाताळात फादर पुन्हा आले. ओव्हन अर्धा तास आधी तापत ठेवला होता. पहिला पॅटिस मी त्यांच्यासमोर फोडला. आतून वाफ निघाली. त्यांनी चष्मा नीट केला, आत डोकावून पाहिले आणि मिस्कीलपणे विचारले, “आज सगळे शब्द वाचलेस ना?”