माजघरातील बाटली

मद्याविषयी लिहावयाचे म्हणजे आमच्यासारख्या गृहस्थाश्रमी माणसाने आधी चार वेळा इकडेतिकडे पाहावे, हे आम्ही जाणतो. परंतु येथे प्रश्न व्यसनाचा नसून साठवणीचा आहे. भाताच्या कोठ्या, चिंचेचे गोळे, वाळविलेली मोहफुले यांचे शास्त्र आमच्या गोंदियाकडे घरोघरी अवगत आहे. द्राक्षाच्या वाइनचे मात्र आम्हांस काडीचेही ज्ञान नव्हते.

नाशिककडे या धंद्याने जोर धरला तो अलीकडेच. २००१ साली राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आखले. तिकडे राहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनी एकदा तांबड्या वाइनची बाटली आणून दिली. जितकी जुनी तितकी उत्तम, अशी आमची ऐकीव समजूत. म्हणून लग्नाच्या २५व्या वाढदिवसासाठी ती राखली, आणि ठेवली कोठे, तर पुस्तकांच्या कपाटावर, उभी! पारा ४५ अंशांशी झुंजतो असे दोन उन्हाळे तिने तेथे काढले. बूच सुकले, आत हवा शिरली, आणि त्या शुभदिनी पेल्यात उतरले ते शिजलेले, आंबूस पाणी. आयुष्यात प्रथमच होकार दिलेल्या सौभाग्यवतींनी पेला खाली ठेवून विचारले, "याच्यासाठी का दोन वर्षं थांबलो आपण?" आम्ही निरुत्तर झालो.

मागाहून कळले की, आपल्या खिशाला परवडणारी बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत संपविण्यासाठीच केलेली असते. तिला अंधार हवा, १२ ते १५ अंशांची स्थिर शीतलता हवी. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी. फिरकीच्या झाकणाला ही अट नाही. यासाठी खास शीतकपाटे मिळतात, पण त्यांच्या किमतीत आमच्या घरचे वर्षाचे तांदूळ येतील! आम्ही सोपी वाट धरली: बाटली कार्तिकात घ्यावी, माजघरात मातीच्या भिंतीशी आडवी निजवावी आणि होळीपूर्वी संपवावी. उरलीच तर लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावी; आत हवा कमी राहिली की तीन-चार दिवस चव टिकते. (झणझणीत रश्श्याबरोबर तांबडी घेऊ नये, हे आम्ही जीभ भाजून शिकलो.)

गेल्या पौषात बंधूंनी पुन्हा एक बाटली आणली. ती कोणत्या दिवसासाठी राखावी, याचा आम्ही पंचांग काढून विचार करीत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "आज बुधवार आहे." आणि पेले पुसावयास घेतले.