कंदील नको, उजेड द्या!

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला दिव्यांचं फारसं कौतुक नसतं. खोलीत एक ट्यूब, कॉरिडॉरमध्ये चार (त्यातली एक कायम फडफडणारी) आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेले तर मोबाइलची टॉर्च! बटण दाबलं की दिवा लागतो, विषय संपला. त्यातून मी विद्युत शाखेचा. ल्युमेन आणि लक्सच्या व्याख्या लिहून मार्कही मिळवलेले. पण दिवा नक्की कोणासाठी लावायचा, हा प्रश्न आजवर एकाही पेपरात आला नव्हता. तो यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आला, आणि तोही घरी.

आमचं घर कऱ्हाड तालुक्यातल्या एका खेड्यात. मातीच्या भिंती, सागवानी तुळया, पुढे सोपा आणि आत माजघर. यंदा सोप्याचं छप्पर दुरुस्त केलं, भिंतींना रंग दिला. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या दादाने जाहीर केलं, "आता सोप्यातली ट्यूब काढायची आणि कंदिलासारखे दिवे टांगायचे!"

कारण तसं भारदस्त होतं. सोप्याच्या मधल्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. आजोबांचा प्रभाकर कंदील तिथे टांगलेला असायचा. आमच्या भागात या कंदिलाचा अभिमान फार. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला आणि तिथला हा कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. ओगलेवाडी हे गावाचं नावही त्या कारखान्यामुळेच.

दादाचा पहिला बेत होता आजोबांच्याच कंदिलाला भोक पाडून आत होल्डर बसवायचा. बाबांनी तो तिथल्या तिथे हाणून पाडला. मग मोबाइलवर फोटो फिरू लागले. पितळी कंदील, काळे लोखंडी कंदील, रंगीत काचांचे कंदील. सगळे माना डोलावत होते. आणि कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आजी एकदम म्हणाली,

"कंदील कंदील काय लावलंय मघापास्नं? रोज सांजच्याला त्याची काच कोण पुसायचं? मी! राखेनं पुसून बोटं काळी व्हायची. काच तडकली की सासूबाईची बोलणी मलाच. मला न्हाई त्याचं कवतिक. उजेड द्या म्हंजे झालं."

सगळे गप्प. खरं सांगतो मित्रांनो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कंदिलाच्या आठवणी काढून हळवे होणारे आम्ही सगळे तो कधी न पुसलेले! ज्या बाईने तो आयुष्यभर पुसला, तिला त्यात काही रम्य वाटत नव्हतं. साध्या वातीच्या कंदिलाचा उजेड शंभर ल्युमेनच्याही आतला. आजचा ९ वॉटचा एलईडी आठशे-नऊशे ल्युमेन देतो. म्हणजे आजीने तिची तरणी वर्षं याच्या दहाव्या हिश्शाच्याही आतल्या उजेडात, धुरासकट, स्वयंपाक आणि शिवणटिपण करत काढली.

शिवाय आजीचं बोलणं नुसतं रागाचं नव्हतं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. सोप्यातून माजघरात जाताना नऊ इंचांची एक पायरी चढावी लागते. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या वेळी आजी तिथेच अडखळून पडली आणि मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. तेव्हा हा सजावटीचा विषय उरलाच नव्हता. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग तूच ठरव. कंदील दिसू देत, पण हिला दिसलं पाहिजे." चार वर्षांची फी भरणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच मला काहीतरी ठरवायला सांगितलं होतं. त्या रात्री मी वही घेऊन बसलो!

आधी उंची. तुळईची खालची कड जमिनीपासून साडेआठ फुटांवर, म्हणजे १०२ इंच. दादाने पसंत केलेला कंदील २४ इंचांचा, वर चार इंच साखळी. खाली राहतात ७४ इंच, जेमतेम सव्वासहा फूट. खांद्यावर पोतं घेऊन आत येणारा माणूस काच घेऊनच जाणार! १२ इंचांचा कंदील घेतला तर ८६ इंच मोकळे राहतात, सात फुटांच्या वर. ठरलं, १२ इंची.

मग काच. दादाला पारदर्शक काच आणि आत तारा दिसणारा फिलामेंटसारखा बल्ब हवा होता. फोटोत छान दिसतो. पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात उजेड विखुरतो. उघडा झगझगीत बल्ब समोर आला की बाकीचं सगळं धूसर. म्हणून काच दुधी. रंगीत काच तर नकोच, ती बराचसा उजेड स्वतःच खाते. आणि कंदिलाला वर झरोके हवेत. एलईडी गार असतो असं आपण म्हणतो, पण त्याच्या बुडातलं सर्किट तापतं, आणि बंद डब्यात कोंडलं तर बल्ब लवकर जातो.

आता किती दिवे? सोपा १५ बाय १० फूट, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. ९ वॉटचे दोन दिवे मिळून अठराशे ल्युमेन धरू. दुधी काच, काळपट तुळया हे सगळं वजा जाता निम्मा उजेड खाली पोचला, तर नऊशे भागिले चौदा, म्हणजे सुमारे ६४ लक्स. चालाय-फिरायला, गप्पा मारायला पुरे. तांदळातले खडे काढायला मात्र नाही. म्हणून आजीच्या कोपऱ्यात भिंतीवर वेगळा पांढऱ्या उजेडाचा दिवा, नि कंदिलांत पिवळसर, २७०० केल्विनचे.

दोन कंदिलांची जागा आजीने ठरवली, तिच्या नकळत. मी तिला ट्यूब लावून माजघराकडे चालायला लावलं. दिवा तिच्या पाठीमागे, त्यामुळे तिचीच सावली नेमकी पायरीवर पडत होती! नुसता उजेड वाढवून हे सुटणारं नव्हतं. म्हणून एक कंदील मधल्या कडीला आणि दुसरा जवळजवळ पायरीच्या डोक्यावर. पायरीच्या कडेला बाबांनी पांढऱ्या रंगाचा दोन बोटं रुंद पट्टा ओढला. अख्ख्या योजनेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट तीच!

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत दादा आणि मी दिवसभर फिरून कंदील आणले. प्रत्येकी तीन किलोचे, पत्र्याचे, काळ्या रंगाचे. दादा वाटेत जरा घुश्श्यातच होता. त्याच्या मनातला पितळी कंदील काही आला नव्हता.

बसवायला गावातले लायसन्सवाले वायरमन काका आले. मी त्यांच्या हाताखाली. काकांनी आधी जुन्या कडीला आणि दुसऱ्या तुळईत फिरवून बसवलेल्या नव्या हुकाला १५-१५ किलो ज्वारीची पोती रात्रभर टांगून ठेवली. वजनाच्या पाचपट! सकाळी दोन्ही जागच्या जागी, मग पुढचं काम. मेन स्विच बंद करण्याआधी त्यांनी जुन्या होल्डरची तपासणी केली आणि मला हाक मारली.

"हे बघ. बटण बंद आहे ना? आता टेस्टर लाव."

टेस्टर लागला! वर्षानुवर्षं बटण न्यूट्रलवर जोडलेलं होतं. दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये फेज तशीच जिवंत. बटण बंद आहे या भरवशावर आमच्याकडे किती जणांनी स्टुलावर चढून बल्ब बदलला असेल! बाबांचा चेहरा पांढरा पडला. शिवाय त्या जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. प्लॅस्टिकच्या होल्डरचं एक वेळ भागलं असतं, पण पत्र्याच्या कंदिलाला अर्थ नसेल तर वायर घासून पत्र्याला लागेल त्या दिवशी तो कंदीलच शॉक देणार. काकांनी बोर्डापासून नवी वायर ओढली. फेज बटणातून, हिरवी वायर कंदिलाच्या अंगाला, सगळं वजन साखळीवर आणि वायरला थोडी ढील.

वसुबारसेच्या संध्याकाळी दिवे लावले. दादाने लगेच फोटो काढले आणि त्याचा घुस्सा उतरला. आजी तिच्या कोपऱ्यात सूप घेऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला जवळ बोलावलं आणि माझ्या तळहातावर एक बारीक, तांदळाच्याच रंगाचा खडा ठेवला.

"ह्यो बघ, दिसला," एवढंच म्हणाली.

त्या रात्री ती भिंतीला हात न लावता पायरी चढून आत गेली. बाबा दारात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "चल, जेवून घेऊ."

आजोबांचा कंदील आता फडताळात आहे, भोकाशिवाय. त्याची काच या दिवाळीला दादाने पुसली. आजीने मुद्दाम त्यालाच सांगितलं होतं!

तर मित्रांनो, घरी नवीन दिवे घ्यायचे ठरले तर फोटो जरूर बघा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी घरभर चालायला लावा आणि त्याची सावली कुठे पडते ते पाहा. आणि घर जुनं असेल, तर पुढच्या सुट्टीत लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून एवढं विचारा, की बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये फेज राहते का?

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी