कोंढ्याच्या धुऱ्यावर

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. गेल्या आश्विनात तिकडे जाणे झाले. चहूकडे धानाच्या बांध्या, भारी धान लोंबीवर आलेले. असे पीक पाहिले की माझ्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याचा शीण जातो.

पण एका विधवा बाईच्या बांधीत मधोमध गोल, करपल्यासारखा डाग पडला होता. तुडतुडे! मी धुऱ्यावरूनच पाहिले, औषधाचे नाव सांगितले, डायरीत भेट नोंदवली आणि निघालो. मागून बाई म्हणाली, "साहेब, सांगितलं तं खरं जी, पण बांधीत उतरले नाही."

परतताना भंडारा रोड स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो. ते बोलणे काही मनातून जाईना. तेव्हा याच मार्गावरची एक गोष्ट आठवली. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. पण मराठीपण त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंगांच्या चालीवर प्रार्थना रचल्या. नगरकडच्या खेड्यांतले ख्रिस्ती लोक त्या टाळ-मृदंगावर म्हणू लागले. आणि प्रार्थना केवळ ओठांवर राहिली नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांनी व लक्ष्मीबाईंनी आपल्या घरात घेतली.

ख्रिस्ती लोकांच्या मुख्य प्रार्थनेत रोजची भाकर 'मला' दे असे नाही, 'आम्हाला' दे असे मागणे आहे. म्हणजे शेजाऱ्याची चूल थंड असेल, तर आपले मागणे अर्धेच राहिले. येशूने सांगितलेली एक गोष्टही तुम्ही ऐकली असेल. चोरांनी मारून अर्धमेला केलेला एक वाटसरू रस्त्यात पडला होता. याजक त्याला पाहून पलीकडून गेला, लेवीही तसाच गेला. परक्या जातीचा शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उताऱ्याच्या घरी नेले आणि खर्चाला पैसे दिले.

पलीकडून जाणारा तो मीच, असे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंढा गाठले. पायजमा वर करून बांधीत उतरलो, चुडे बाजूला सारून पाहिले. किडे बुडाशी, पाण्याच्या वर, दाटीने बसलेले. धुऱ्यावरून ते दिसणार कसे? रोवणी दाट, युरियाही जास्त, पाणी साचलेले. धुरा फोडून पाणी काढले. पंप शेजारच्या भाऊंनी दिला. फवारा बुडावर मारला. डागातले धान गेलेच, पण भोवतालचे वाचले.

पुढच्या रोवणीत दर दोन-तीन मीटरवर एक फूट पट्टा मोकळा सोडा, नत्र बेताने द्या आणि चुड्याचे बूड पाहत जा.

निघताना बाईने गुळाचा चहा दिला. म्हणाली, "आता बसले जी साहेब."

वाचकहो, दया दे अशी प्रार्थना कोणत्याही देवापुढे करा. पण ती केल्यावर चिखलात पाय घालावाच लागतो.