काठी नको, साखळी नको

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेले एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्याच कुटुंबात आणखी एक जण आहे, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. लहानपणापासून आम्ही ही तसबीर पाहत आलो. पण टॉबीकडे आमचे लक्ष गेले ते फार उशिरा, आणि तेही आमच्या हातून एक चूक घडल्यावर. ती चूक आपल्या वस्त्यावस्त्यांतून रोज घडते आहे, म्हणून आज येथे सांगतो.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीनिमित्त सांगलीत स्थायिक झालो. २०१५ साली मुलांच्या हट्टापायी एक गावठी पिल्लू घरी आणले. नाव ठेवले मोत्या. दोन महिने त्याचे भरपूर लाड झाले. मग तो मोठा झाला, चपला चावू लागला, भाकरी पळवू लागला. तेव्हा आम्ही त्याला परसातल्या पत्र्याच्या शेडखाली हातभर साखळीने बांधला. भुंकला की काठी. गावी आमच्या वडिलांनी कुत्रा असाच पाळला होता, त्यामुळे यात काही वावगे आहे असे आम्हाला वाटलेच नाही.

वर्षभराने शेजारचा आठ वर्षांचा मुलगा चेंडू आणायला शेडखाली गेला आणि मोत्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. एकच आरडाओरडा झाला. कोणी हळद आणली, कोणी तिखट, कोणी चुना. सुदैवाने वस्तीतल्या आशाताई धावत आल्या. त्यांनी सर्वांना बाजूला सारले आणि नळाखाली साबणाने जखम चांगली पंधरा मिनिटे धुतली. मग आम्ही मुलाला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कुत्र्याला लस दिली आहे का?" आमची मान खाली गेली. आम्ही बी. कॉम. झालेले, विहारात बसून लोकांना लेकरांच्या लसीचे महत्त्व पटवून देणारे. पण आपल्याच दारातल्या कुत्र्याला आम्ही लस दिली नव्हती!

संध्याकाळी त्या मुलाची आजी भेटली. भांडण होणार असे धरून आम्ही चाललो होतो. ती एवढेच म्हणाली, "दादा, बांधून घालून मारलं तर माणूस बी चावंल. ते तर मुकं जनावर." ते शब्द आम्हाला काठीपेक्षा जास्त लागले.

रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय निघाला. काही तरुण म्हणाले, विष घालून मोकळे व्हा. काही म्हणाले, पोत्यात घालून लांब सोडून या. तेव्हा एका वृद्ध उपासकांनी कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी ते खाल्ले. राजाने हुकूम सोडला, नगरातली सारी कुत्री मारा. फक्त राजवाड्यातली, चांगल्या जातीची कुत्री तेवढी वगळा. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, निर्भयपणे राजापुढे गेला. त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि गवत देण्यात आले, आणि त्यांच्या वांतीतून चामडे बाहेर पडले. दोषी निघाले वाड्यातले, मरत होते रस्त्यावरचे! राजाने सर्वांना अभय दिले.

गोष्ट संपल्यावर विहारात कोणी बोलले नाही. वाड्यावरचे निर्दोष आणि स्मशानाकडचे अपराधी, हा न्याय आपल्या वाडवडिलांच्या चांगला परिचयाचा होता. मनुस्मृतीने चांडालांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवे सांगितली. महाडच्या तळ्यावर जनावरांना पाणी पिण्याची मनाई नव्हती, माणसांना होती. त्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना स्पष्ट सुनावले की, ज्या देशात आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षाही वाईट वागवले जाते, त्या देशाला आपला कसा म्हणावे? म्हणूनच "कुत्र्यासारखे जिणे" हा शब्द आपल्याला झोंबतो. पण ज्या बाबासाहेबांनी हे सुनावले, त्यांनीच टॉबीला जीव लावला. त्यांची चीड कुत्र्यावर नव्हती, माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेवर होती. १९५६ साली त्यांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे. पहिले शीलही तेच सांगते.

आम्ही त्या दिवशी ठरवले, मोत्याला मारायचे नाही, सोडायचेही नाही. शिकायचे आपण. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून, आणि चुकत चुकत, जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आणण्यापूर्वी विचार

कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी अधिकही जगतो. तेवढी वर्षे त्याला वेळ देणे जमेल का, हे घरच्या सर्वांनी बसून ठरवावे. जत-आटपाडीकडे दिसणारे उंच, सडपातळ कारवानी कुत्रे दिसायला देखणे. पण ते पळण्यासाठी जन्मलेले. एका खोलीत ते कोंडून घालू नयेत. दिखाव्यासाठी महागडे परदेशी पिल्लू घेण्यापेक्षा आपले गावठी पिल्लू बरे. आपली हवा आणि आपला उन्हाळा त्याला मानवतो. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आणि मादी नको, हा हट्ट तर आपण तरी धरू नये. मुलगी नको म्हणणाऱ्यांना आपण सभेत दोष देतो, आणि पिल्लांतल्या माद्या मात्र पोत्यात भरून नदीकाठी सोडतो. मादी साधारण सहा महिन्यांनी वयात येऊ शकते, आणि नऊ आठवड्यांत तिला पिल्ले होतात. ती नको असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करावी. नराचीही होते.

शिकवण कशी द्यावी

कुत्र्याला भाषण समजत नाही, शब्द समजतो. "ये", "बस", "थांब", "नको" असे मोजकेच शब्द निवडावेत, आणि घरातल्या सर्वांनी तेच वापरावेत. आजी "बस" म्हणते आणि नातू "खाली बैस" म्हणतो, असे झाले की जनावर गोंधळते. हातात भाकरीचा बारीक तुकडा धरून त्याच्या नाकावरून डोक्याकडे न्यावा. मान वर जाते, बूड आपोआप टेकते. टेकताक्षणी "बस" म्हणावे आणि तुकडा द्यावा. बक्षीस तिथल्या तिथे मिळाले पाहिजे. थोड्या वेळाने दिले तर कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही. एका वेळी पाच मिनिटे पुरेत, दिवसातून दोन-तीन वेळा.

"ये" म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, मग त्याने आधी काहीही केलेले असो. एकदा मारलेत की "ये" म्हणजे मार, असे तो धरून चालतो. घरात घाण केली म्हणून त्यात नाक घासणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला रोज एकाच जागी बाहेर न्यावे, तिथे केले की शाबासकी द्यावी. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास दात बदलताना ते चावाचाव करणारच. चपला उचलून ठेवाव्यात आणि जुन्या कापडाची गाठ मारून द्यावी. तीन महिन्यांच्या आत त्याला पाहुणे, लहान मुले, सायकल, भांड्यांचा आवाज, हे सारे हळूहळू आणि गोडीने दाखवावे. त्या वयात जे ओळखीचे होते, त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. आणि बहुतेक कुत्री चावतात ती भीतीने.

गुरगुरणे ही सूचना आहे. त्यासाठी मारले तर कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि सरळ चावतो. आमच्या मोत्याचे नेमके हेच झाले होते. मुलांना शिकवावे की, खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात अंगाशी धरून, त्याच्या डोळ्यांत न पाहता, झाडासारखे स्थिर उभे राहावे.

साखळीबद्दल कायदाही बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे, हा गुन्हा आहे. कुंपण नसेल तर लांब दोरी वापरावी, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवावे.

खाणे-पिणे आणि निगा

भात, भाकरी, उकडलेले अंडे, बिनकांद्याचे बिनतिखट वरण, शिजवलेले मांस, एवढ्यात गरिबाघरचा कुत्रा चांगला वाढतो. कांदा आणि लसूण त्याला विष आहेत. चॉकलेटही विषच. आणि सांगली-तासगावकरांनी खास लक्षात ठेवावे, द्राक्षे आणि बेदाणेही! आपण कौतुकाने मूठभर बेदाणे टाकतो, आणि त्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, ते आतड्यात रुततात. आपल्या तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नयेत.

उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधू नये; सावली आणि ताजे पाणी दिवसभर असावे. बाहेर नेताना तळहात उलटा करून रस्त्याला लावून पाहावा. आपल्याला चटका बसतो, तर त्याच्या पंजालाही बसतो. गोचिडांसाठी कान आणि बोटांमधल्या बेचक्या रोज पाहाव्यात, चिमट्याने मुळाशी धरून गोचीड ओढून काढावी. शेतात मारायचे औषध अंगाला चोळण्याची चाल आहे. त्याने गोचिडांबरोबर कुत्राही मरतो.

लस आणि चावा

सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्वोसारख्या रोगांची लस सुरू करावी. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर उद्यावर ढकलू नये. तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. जंताचे औषधही विसरू नये. जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करावी. दुखणे अवघड असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

चावल्यास, हळद नको, तिखट नको, चुना नको, मंत्र-तंत्र तर नकोच. साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे. मग थेट सरकारी रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे लस मोफत मिळते. लस सुरू झाल्याचा दिवस शून्य धरून ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी पुढचे डोस असतात. स्नायूत देत असल्यास १४व्या दिवशीही. रक्त आले असेल तर जखमेत द्यायच्या सीरमबद्दल स्वतःहून विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो वाचला. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इतकी विद्या हाताशी असताना आपले लेकरू अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेले, तर दोष कोणाचा?

शेजारच्या मुलाचे सर्व डोस आम्ही स्वतः नेऊन पूर्ण केले. दहा दिवस मोत्या धडधाकट राहिला, आणि त्यालाही लस दिली. साखळी काढायला मात्र आम्हाला वेळ लागला. आधी त्याचा विश्वास बसायला हवा होता. काठी बघितली की तो जमिनीला चिकटायचा. तीन-चार महिने भाकरीचे तुकडे आणि "ये", "बस" एवढेच चालले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आमच्या गल्लीत शिरली. रात्री गुडघाभर पाण्यातून, अंधारात, बोचकी डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. मोत्या बिथरून मागे उभा होता. आमच्या धाकटीने हाक मारली, "मोत्या, ये!" आणि तो पाण्यात उतरून तिच्या मागे आला. निवाऱ्याच्या शाळेत "बस" म्हटल्यावर कोपऱ्यात बसून राहिला. साखळीला बांधलेला असता तर? धावपळीत ती कोणी सोडली असती, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून पूररेषेतल्या सर्वांना विनंती आहे, जनावर सोबत नेता येत नसेल तर निदान त्याचे दावे आणि साखळी सोडून मगच घर सोडा.

मोत्या आता म्हातारा झाला आहे. ज्याची पोटरी त्याने फोडली तो मुलगा कॉलेजात जातो, आणि जाता-येता त्याला भाकरीचा तुकडा देतो. खूण अजून पायावर आहे. ती पाहिली की आम्हाला त्याच्या आजीचे शब्द आठवतात. आपल्या दारात आज एखादा मुका जीव हातभर साखळीला बांधलेला असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी त्याच्याजवळ जावे, एवढेच सांगणे.

जय भीम! नमो बुद्धाय!