तांबडी रेघ

गेल्या दिवाळीत दौलताबादेस, किल्ल्याच्या पायथ्याशी, एक जुना विद्यार्थी भेटला. मुलगा इथलाच, आता पुण्यात जावास्क्रिप्टचे काम करतो. चहाच्या टपरीवर त्याने लॅपटॉप उघडला, तेव्हा एका ओळीखाली तांबडी नागमोडी रेघ दिसली.

"सर, हे ईएसलिंट." घोषित करून कधीच न वापरलेले चल, शून्य आणि रिकामा मजकूर यांना समान मानणारी सैल तुलना, असले दोष ते प्रोग्राम न चालवताच दाखवते. दोष उरला तर गिटमध्ये नोंदच होऊ नये, अशी व्यवस्था त्याच्या गटाने केली आहे. या कुळातले मूळ साधन 'लिंट'. ते बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी केले. नाव कपड्यावरच्या तुसांवरून आलेले. ईएसलिंट २०१३ चे, निकोलस झकास यांचे.

"म्हणजे माझी तांबडी शाईच की!" मी म्हणालो.

तो हसला. "नाही सर. ही रेघ आधी ज्याची त्यालाच दिसते. माझा निबंध तुम्ही वर्गात वाचून दाखवला होता. मी 'करायलो' लिहिलं होतं."

वर्ग हसला असणार, बहुधा मीही. मला काहीच आठवत नव्हते, आणि तेच अधिक लागले.

मग त्याने नियमांची फाईल दाखवली. प्रत्येक नियमाला तीन अवस्था: बंद, सूचना, चूक. कोणता नियम कुठे ठेवायचा, हे गटाने एकत्र बसून ठरवलेले. यंत्र नियम बनवत नाही. दिलेला नियम न थकता, न चिडता लावते.

समोरच्या याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी एकनाथ शिकले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलकारांचे दोष काढले, आणि यात कोणी स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. दोष कोणता आणि लिहिणाऱ्याचा आवाज कोणता, हा विवेक शोधनाच्या मुळाशी असतो. 'करायलो' हा दोष नव्हता. ते मराठवाड्याच्या बोलीचे शुद्ध रूप होते. मी त्याला दुसऱ्याच फाईलचा नियम लावला होता.

आता वह्या तपासताना तांबडी शाई वापरतोच. फक्त बोलीतल्या रूपाशेजारी 'चूक' लिहीत नाही. 'सूचना' लिहितो, आणि प्रमाण रूप समासात देतो. वर्गात मात्र काही वाचून दाखवत नाही.