सीताफळांच्या गावाहून द्राक्षांच्या गावाला

मैत्रिणींनो, आमच्या बीडला कुणी पाहुणी आली आणि तळ्यातल्या कंकालेश्वराचे दर्शन झाले, की पुढे काय दाखवावे असा प्रश्न पडतो. पण ती दिवाळीच्या सुमारास आली तर चिंता नाही. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे तिच्यापुढे ठेवायची! मुरमाड जमिनीत, फारसे पाणी न मागता वाढलेले हे फळ. पांढरा गर, रवाळ गोडी आणि घरभर वास. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

यंदा शाळेला सुट्टी लागताच अशीच एक टोपली घेऊन मी नाशिकला धाकट्या भावाकडे गेले. मुद्दाम कच्ची घेतलेली फळे, पण त्यातली दोन नगर येईपर्यंतच मऊ झाली!

"वन्सं, उद्या तुम्हाला द्राक्षांचा मळा दाखवते," भावजय म्हणाली. मळा म्हणजे गंगापूर धरणाजवळची 'सुला' वायनरी! खरे सांगते, माझ्या पोटात गोळाच आला. माझ्या मामांचे घर दारूने बसले. मामींच्या अंगावरचा एकेक दागिना जाताना मी पाहिला आहे. पण भावजयीचे मन मोडवेना.

बागेत नुकतीच छाटणी झाली होती, काड्यांना कोवळी पालवी फुटत होती. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. २००० साली इथली पहिली वाईन निघाली. संस्थापक राजीव सामंत यांनी हे नाव आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून ठेवले हे ऐकून मात्र गंमत वाटली.

आत एका मुलीने पेल्यात फिकट सोनेरी वाईन ओतली. शेनिन ब्लांक. मूळ फ्रान्समधले हे द्राक्ष. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल होते. सगळी साखर संपायच्या आत रस गार करून हे काम थांबवले, की थोडी गोडी मागे उरते. पेला आधी नाकाशी धरायचा म्हणे. धरला. पिकला पेरू, मध, आणि हसू नका हं, माझी सीताफळांची टोपली!

मामी डोळ्यांपुढे आल्या. तरी एक घोट घेतला. आधी गोड, मागून लिंबासारखी आंबटसर चव.

याच्याबरोबर खायला काय द्यावे, हे मी बाईमाणसाच्या सवयीने विचारून घेतले. वाईन चांगली गार हवी. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडे, तिखट पनीर किंवा तळलेली मासळी तिच्याशी छान जमते, कारण बेताच्या तिखटाला गोडी उतारा देते. आपल्याकडचा काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा असेल तर मात्र जपून, अल्कोहोलने जिभेची आग वाढतेच. पुरणपोळी, बासुंदी नकोच. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला, की वाईन नुसती आंबट लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गोड लागते म्हणून हिला सरबत समजू नका. हिच्यात साधारण १२ टक्के अल्कोहोल असते, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. ते गोडीखाली लपते इतकेच. उपाशीपोटी नको, गरोदरपणी तर थेंबही नको, आणि २१ वर्षांखालच्यांना कायद्यानेच मनाई आहे. तुमच्या घरी ती येऊ द्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. माझ्या घरी मी आणली नाही.

बीडला परतल्यावर ह्यांनी हळूच विचारले, "काय मग, कशी लागली?"

"सीताफळासारखी," मी म्हटले. "फक्त सीताफळात बिया असतात, त्यामुळे सावकाशच खावे लागते. हिच्यात बिया नाहीत. सावकाशपणा आपला आपणच आणायचा."

हे काही बोलले नाहीत. टोपलीतले उरलेले एक फळ घेऊन सावकाश सोलत बसले.