वटलेलं मत

पार्लेकराला गावाचा अभिमान बाळगायला निमित्त लागत नाही. तरी कुणी विचारलंच तर तो पार्ले टिळक विद्यालय (स्थापना १९२१), लोकमान्य सेवा संघ (१९२३), दीनानाथ नाट्यगृह आणि पु. ल. देशपांडे अशी चार नावं एका दमात सांगतो. पाचवा नंबर बिस्किटांच्या कारखान्याचा होता, पण तो २०१६ साली बंद पडला. बंद कारखान्याचा अभिमान सांगायला गेलं की ऐकणारा लगेच जागेचा भाव विचारतो. एक गोष्ट मात्र पार्लेकर आपण होऊन कधीही सांगत नाही. आपला विधानसभा मतदारसंघ थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. नुसता जाऊन नाही, हरून आलेला आहे. म्हणूनच सांगत नसावा.

मी बँकेत कारकून, शिक्षण बी. कॉम. कुठलीही नोंद दिसली की तिची समोरच्या बाजूची नोंद कुठे आहे, हे शोधायची खोड आमच्या धंद्यात लागतेच. त्या खोडीपायी मी ही जुनी खातेवही उघडतो आहे. राजकारणातलं मला काही कळत नाही. हे वाक्य बोलून दोन तास राजकारणावर बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. मी दहा मिनिटांत आटोपतो.

१९८७ च्या डिसेंबरात पार्ल्याला पोटनिवडणूक लागली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. काँग्रेसकडून प्रभाकर कुंटे, जनता पक्षाकडून प्राणलाल व्होरा आणि शिवसेनेकडून डॉ. रमेश प्रभू. भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा होता तो व्होरांना, म्हणजे शिवसेनेच्या विरोधात. हे आजच्या पोरांना सांगितलं की ती माझ्याकडे 'काकांना वयामुळे होतं असं' अशा नजरेनं बघतात. पण तसं होतं खरं. युती झाली ती १९८९ साली.

आमच्या दोन खोल्यांत त्या वेळी मतदार तीन आणि मतं चार. आजी डॉक्टरांच्या बाजूची, कारण उमेदवार डॉक्टर असला म्हणजे कधीतरी जिन्यात गाठून गुडघ्याचं विचारता येईल. आई म्हणायची, जो पाणी सकाळी सहाला सोडील तो आपला. आमचे अण्णा कुणाच्या बाजूचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'मतदान गुप्त असतं' हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणत, की आपल्या घरात एखादं सरकारी रहस्य सांभाळलं जातंय असं मला वाटायचं. चौथं मत आत्याचं. ते सगळ्यांत ठाम होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता, कारण ती वीस वर्षांची होती आणि मताधिकार तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळायचा. तो अठरावर आला १९८९ साली. तोवर आत्या एकवीस पुरी करून बसली होती. सवलती आमच्या घरी नेहमी अशाच वेळेवर पोचतात.

प्रचाराच्या सभा झाल्या. त्यांतल्या तीन सभांच्या तारखा पुढे निकालपत्रात कायमच्या जाऊन बसल्या. २९ नोव्हेंबरची पार्ल्यात, ९ डिसेंबरची खारदांड्याला शंकराच्या देवळाजवळ आणि १० डिसेंबरची पार्ले पूर्वेला जलतरण मैदानावर. तिन्हीकडे वक्ते बाळासाहेब ठाकरे. त्या दिवसांत गर्दीचा नुसता आवाज आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. शब्द कळायचे नाहीत, लाट कळायची. आमच्या इमारतीत तळमजल्यावर गादीवाल्या चाचांचं दुकान होतं. एरवी रात्री नऊपर्यंत त्यांची तार टणत्कार करत असे. त्या आठवड्यात ती सातलाच बंद व्हायची. आजीनं एकदा वरून विचारलं, "चाचा, आज लवकर?" चाचा म्हणाले, "कापूस ओला आहे, आजी." डिसेंबरात कापूस कसा ओला होतो, हे आजीनं विचारलं नाही. तिला नको तिथे प्रश्न विचारायची सवय होती, पण तिथे तिनं नाही विचारलं.

१३ डिसेंबरला मतदान झालं. वार रविवार. रविवारी मतदान म्हणजे सुट्टीवर सुट्टी पडणार. नोकरदार माणसाचा लोकशाहीवरचा विश्वास अशाच वेळी डळमळतो. अण्णा सकाळी लवकर रांगेत गेले आणि मला बोट धरून घेऊन गेले. रांगेत त्यांच्या पुढेच चाचा होते. एकमेकांना बघून दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. मग अण्णांनी कापसाचा भाव विचारला आणि शाळेच्या दारापर्यंत दोघे कापसावरच बोलत राहिले. बाहेर आले तेव्हा दोघांच्या बोटांवर सारखीच शाई होती. दुसऱ्या दिवशी डॉ. प्रभू निवडून आल्याचा निकाल लागला. चेक वटला, असं समजून सगळे कामाला लागले.

पण कुंट्यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणं असं, की मतं धर्माच्या नावावर मागितली आणि समाजात द्वेष पसरेल अशी भाषणं केली, हा कायद्यानं भ्रष्ट आचार आहे. आता कायद्याची गंमत पाहा. निवडणुकीच्या अर्जाचा निकाल उच्च न्यायालयानं सहा महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा आणि अपील सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलेलं आहे. सहा आणि तीन नऊ. नऊ महिने हा मुदतीचा आकडा ज्यानं काढला तो बहुधा मोठ्या कुटुंबातला असावा. प्रत्यक्षात उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द ठरवली ती एप्रिल १९८९ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं ११ डिसेंबर १९९५ रोजी. मतदानापासून मोजाल तर आठ वर्षांना दोन दिवस कमी. मूल असतं तर तिसरीत बसलं असतं.

दरम्यान ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली ती १९९० साली संपून गेली. तिच्यानंतर १९९० आणि १९९५ अशा दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. आमच्या बँकेत एखादा चेक वटल्यावर आठ वर्षांनी परतीचा मेमो आला, तर ब्रँच मॅनेजरला फेफरं येईल. तोवर त्या पैशात लग्नं होऊन त्या जोडप्यांची भांडणंही जुनी झालेली असतात. इथे मात्र कुणालाच काही झालं नाही.

अण्णांना झालं. मी अकरावी कॉमर्सला होतो. १२ डिसेंबरचं वर्तमानपत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, मग घडी करून ते जिना उतरले आणि चाचांच्या दुकानात जाऊन बसले. मी मागोमाग. अण्णांनी बातमी सांगितली. चाचांनी हातातला सुई-दोरा खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे अण्णा, तुमचंपण गेलं, माझंपण गेलं." अण्णा म्हणाले, "तसंच दिसतंय." चाचांनी चहा मागवला. कुणी कुणाला मत दिलं होतं हे त्या चहावरही निघालं नाही, पण त्या दिवशी दोघे जितके हसले तितके मी त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते.

त्याच दिवशी, त्याच खंडपीठानं दादरचाही निकाल दिला. १९९० साली मनोहर जोशी दादरहून निवडून आले होते, त्यांचीही निवडणूक उच्च न्यायालयानं रद्द केली होती. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, असं ते म्हणाले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही नुसती आशा आहे, आशा व्यक्त करणं म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे. जोशी सुटले. ते तेव्हा मुख्यमंत्री होते. दादर पास, पार्लं नापास. फास्ट गाडी दादरला थांबते आणि पार्ल्याला थांबत नाही, हे आम्हाला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

आता या निकालातलं एक वाक्य सगळ्या देशाला पाठ आहे. हिंदुत्व ही एक जीवनपद्धती आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्या बँकेत डबा खाताना वर्षातून चारदा तरी कुणीतरी ते ऐकवतो. मी विचारतो, "बरोबर. पण तो खटला कुणाचा होता? आणि निकाल काय लागला?" समोरच्याची पोळी अर्ध्यावर थांबते. निवडणूक रद्द झाली, ती भाषणं भ्रष्ट आचारात बसली, हे त्याच निकालपत्रात आहे. पण ते कुणी सांगत नाही. उलट बाजूचे लोक रद्द झालं तेवढंच सांगतात आणि जीवनपद्धतीवर पान उलटतात. पासबुकातली जमेची बाजू झाकून किंवा नावेची बाजू झाकून शिल्लक काढणारी अशी माणसं काउंटरवर आली तर मी त्यांना रांगेत मागे पाठवतो. न्यायालयाचंही या विषयावर पुढे एकमत नव्हतंच. धर्माच्या नावावर मत मागू नये म्हणजे नेमका कुणाचा धर्म, उमेदवाराचा की मतदाराचाही, याचा निर्णय सात न्यायाधीशांनी जानेवारी २०१७ मध्ये दिला. मतदाराचाही धरायचा, असं ठरलं, पण चार विरुद्ध तीन असं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग याहून मोठ्या बहुमतानं ठरतो.

पार्ल्याच्या त्या भाषणांची शेवटची नोंद १९९९ सालची. ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला, आणि ही सहा वर्षं मोजायची ११ डिसेंबर १९९५ पासून. म्हणजे हुकूम निघाला तेव्हा निम्म्याहून जास्त शिक्षा भोगून झालेली होती. आम्ही याला मागील तारखेचं व्याज म्हणतो. त्याच १९९९ साली मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. त्या निवडणुकीत पार्ल्याहून शिवसेनेचे विनायक राऊत आमदार झाले, आणि पुढे २०१४ साली रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार. पार्ल्यातला माणूस शेवटी कोकणातच जातो, फक्त बहुतेक जण मे महिन्यात जाऊन परत येतात. २००९ साली काँग्रेसचे कृष्णा हेगडे आले. २०१४ साली युती मोडली, जुने मित्र समोरासमोर उभे राहिले आणि भाजपचे पराग अळवणी निवडून आले. ते २०१९ लाही आले, २०२४ लाही आले. १९८७ साली ज्यांनी व्होरांसाठी भिंती रंगवल्या असतील त्यांना केवढी गंमत वाटत असेल!

लोकसभेचं तर विचारूच नका. आम्ही वायव्य मुंबईत होतो. तिथे १९७७ आणि १९८० ला राम जेठमलानी, १९८४ पासून सुनील दत्त. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ साली आम्ही जागचे न हलता उत्तर मध्य मुंबईत जाऊन पडलो. घर तेच, जिना तोच, गळती तीच. सुनील दत्तांच्या कन्या प्रिया दत्तही वायव्येतून उत्तर मध्येत आल्या, त्यामुळे फार परकं वाटलं नाही.

२०२४ साली दोनदा मतदान झालं, मे महिन्याच्या २० तारखेला आणि नोव्हेंबरच्याही २० तारखेला. चाचा दुकान विकून मीरा रोडला मुलाकडे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मतदारयादीत त्यांचं नाव आमच्याच इमारतीत आहे. दोन्ही वेळा ते नातवाला घेऊन लोकलनं आले. बँकेतून माझी निवडणुकीच्या कामाला नेमणूक झाली होती, म्हणून मी दुसऱ्याच मतदारसंघात लोकांच्या बोटांना शाई लावत बसलो होतो. अण्णा आणि चाचा रांगेत फोमच्या गाद्यांना शिव्या देत होते, हे आईनं संध्याकाळी सांगितलं.

आमची इमारत विमानतळाच्या फनेलमध्ये येते. वरून विमानं उतरतात, म्हणून उंच बांधता येत नाही. उंच बांधता येत नाही म्हणून बिल्डरला परवडत नाही. परवडत नाही म्हणून प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार हा प्रश्न सोडवण्याचं आश्वासन देतो. गेल्या खेपेला एक उमेदवार आमच्या गेटसमोर उभा राहून फनेलबद्दल बोलत होता. पक्ष सांगत नाही, कुठलाही धरा. नेमका मुद्द्यावर आला आणि डोक्यावरून विमान आलं. त्याचे ओठ हलत होते, हात वर गेला, कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. विमान गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "अण्णा, गुप्त असतं."